औषधांचा शॉर्टेज आला की हॉस्पिटलचा स्टोअर कसा सांभाळायचा : जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या दवाखान्यांसाठी सविस्तर

स्टॉकिस्टला फोन लावला आणि पलीकडून "आज नही शे भो, सकाय या" असं उत्तर आलं तर काही टेन्शन नाही, पण हेच उत्तर तीन दिवस तीन वेगवेगळ्या स्टॉकिस्टकडून आलं की कामाला लागायचं. हे मी वीस ते शंभर बेडच्या दवाखान्यांसाठी लिहितोय, म्हणजे आपल्याकडचं ट्रस्टचं हॉस्पिटल, तालुक्याचं नर्सिंग होम, ग्रामीण रुग्णालय वगैरे, जिथं स्टोअरला एक-दोन फार्मासिस्ट असतात आणि परचेस, रजिस्टर, एक्सपायरी, सिस्टरांची ओरड सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं. ट्रीटमेंट काय द्यायची ते डॉक्टर ठरवतील, आपला विषय माल.

बहुतेक ठिकाणी शॉर्टेज म्हटलं की पहिली रिअॅक्शन एकच, कोणाला तरी गाडीवर बसवून जळगाव नाहीतर धुळ्याला पाठवायचं. माझं म्हणणं असं की बाहेर शोधायला जाणं ही तिसरी-चौथी गोष्ट आहे, त्याआधी आपल्याकडे आहे तो माल किती पेशंटना पुरेल हे कळलं पाहिजे. डबे किती आहेत ते विचारत नाहीये, पेशंट किती ते विचारतोय. हा एक आकडा हातात नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

आधी बघा, खरंच शॉर्टेज आहे का

स्टॉकिस्ट "माल नाही" म्हणतो तेव्हा त्याचे चार-पाच अर्थ असतात. कंपनीकडेच नाही, सी अँड एफकडे (कंपनीचा माल साठवून स्टॉकिस्टला पाठवणारा एजंट) आहे पण खाली उतरला नाही, फक्त त्या एका ब्रँडचा नाही, किंवा माल आहे पण तुमचं मागचं बिल नव्वद दिवस थकलंय म्हणून तुमच्यासाठी नाही! हा शेवटचा प्रकार कोणी तोंडावर बोलत नाही, म्हणून आधी आपल्या अकाउंटवाल्याला विचारा. तेवढ्यानंच अर्धे शॉर्टेज सुटतात, खरं सांगतो.

मग मॉलिक्यूलच्या, म्हणजे आतल्या मूळ औषधाच्या नावानं विचारा, ब्रँडच्या नावानं नको. एका शहराचा स्टॉकिस्ट, दुसऱ्या शहराचा स्टॉकिस्ट आणि कंपनीचा एमआर नाहीतर एरिया मॅनेजर, या तिघांकडून चौकशी करा. तिघंही नाही म्हणाले आणि दुसऱ्या कंपन्यांचाही माल नसेल तर वरूनच अडलंय असं समजा. कॅलेंडरही बघा, मार्च एंडला आणि दिवाळीत माल हळू येतो, तो शॉर्टेज नसतो, फक्त आठ-दहा दिवसांची जादा तयारी लागते.

वरून अडतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे स्वस्त औषधात कंपनीला पैसा सुटत नाही. कच्चा माल महागतो, सरकारी सिलिंग प्राइस (सरकारनं ठरवलेली कमाल किंमत) तिथंच राहते, मग कंपन्या बनवणंच कमी करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएनं, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, आठ औषधांच्या अकरा फॉर्म्युलेशनची सिलिंग प्राइस ५० टक्क्यांनी वाढवली ती याच कारणानं, त्यात अॅट्रोपिनचं इंजेक्शन होतं, बेन्झिल पेनिसिलिन होतं, साल्ब्युटामॉल होतं, लिथियम होतं. म्हणजे बघा, महागडी कॅन्सरची औषधं नव्हेत, आपल्या दवाखान्यातली रोजची. म्हणून शॉर्टेजची वॉच लिस्ट बनवताना महाग औषधांपेक्षा जुन्या, स्वस्त, एक-दोनच कंपन्या बनवतात अशा इंजेक्शनांवर जास्त लक्ष ठेवा. शेड्यूल्ड, म्हणजे सिलिंग प्राइस लागू असलेलं, औषध बंद करायचं असेल तर कंपनीनं सहा महिने आधी जाहीर नोटीस द्यायची असते, २०१३ च्या प्राइस कंट्रोल ऑर्डरमध्ये तसं आहे. एमआरला अधूनमधून विचारत जा की तुमच्या कंपनीचं काय काय बंद होतंय.

त्याच दिवशी मोजणी

कॉम्प्युटरमधला स्टॉक आणि खरा स्टॉक हे दोन वेगळे प्राणी आहेत. सिस्टीम म्हणते चाळीस, रॅकवर बावीस, आणि उरलेले वॉर्डात. म्हणून मोजणी फक्त स्टोअरची करून उपयोग नाही. आयसीयू, ओटी, लेबर रूम, कॅज्युअल्टीची ट्रॉली, अॅम्ब्युलन्सची पेटी, डायलिसिस असेल तर तिथलं कपाट, आणि हो, इनचार्ज सिस्टरांचं ते कुलूपवालं कपाट. सिस्टर लोक माल दडवतात कारण आधी कधीतरी रात्री दोन वाजता त्यांना माल मिळाला नव्हता, त्यात त्यांची चूक काहीच नाही, म्हणून मोजायला जाताना झडतीसारखं जाऊ नका. "सिस्टर, घेऊन जात नाहीये, फक्त लिहून घेतोय" असं सांगा आणि खरंच त्या दिवशी काही उचलू नका. दुसऱ्या वेळेला त्या स्वतःहून सांगतील.

प्रत्येक औषधासमोर नग, बॅच, एक्सपायरी आणि जागा लिहा. जवळची एक्सपायरी पुढं ठेवा. मग दिवस काढा. समजा सेफ्ट्रियाक्झोन एक ग्रॅमच्या ३०० व्हायल आहेत आणि रोज २४ लागतात, म्हणजे साडेबारा दिवस. ऐकायला भरपूर वाटतं. पण नेहमी तीन दिवसांत येणारा माल आता दहा दिवसांनी येतोय, तर त्या दहा दिवसांतच २४० जाणार, उरल्या ६०, म्हणजे हातात फक्त अडीच दिवसांची मोकळीक. ऑर्डर आजच गेली पाहिजे. हा हिशोब कागदावर करा, मनात केला की माणूस स्वतःलाच फसवतो.

रोज लागणाऱ्या औषधाला दिवस चालतात, पण इमर्जन्सीच्या औषधाला दिवसाचा हिशोब चालत नाही, तिथं पेशंट मोजायचे. आपल्याकडची दोन उदाहरणं घेऊ.

साप चावल्याचं इंजेक्शन, म्हणजे एएसव्ही. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीचाच डोस ८ ते १० व्हायलचा, आणि काहींना परत तेवढाच लागतो. लहान मुलालाही तेवढाच, कारण सापानं विष वय बघून सोडलेलं नसतं. म्हणजे कपाटात ६० व्हायल असल्या तरी ते तीन ते सात पेशंट, बस्स. जून ते सप्टेंबरमध्ये तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या दवाखान्यात हे किती दिवस टिकेल ते तुम्हीच ठरवा.

दुसरं अॅट्रोपिन. कपाशीवर फवारणी सुरू झाली की ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट येतात, काही फवारताना लागलेले, काही स्वतःहून प्यायलेले. ०.६ मिलीग्रॅमची अँप्यूल असते आणि सिरियस पेशंटला सुरुवातीच्या काही तासांतच शंभराच्या वर अँप्यूल जाऊ शकतात, त्यानंतर ड्रिप वेगळी. वर्षाची सरासरी काढून "महिन्याला ५० लागतात" असं लिहून ठेवलेला स्टोअर एका पेशंटमध्ये रिकामा होतो. म्हणून सरासरी काढायचीच तर मागच्या वर्षीच्या त्याच सीझनची काढा आणि इमर्जन्सीच्या औषधाला "कमीत कमी इतके सिरियस पेशंट" असा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एक माणूस, एक यादी, एक वेळ

परचेस मॅनेजर एकीकडं फोन करतोय, डॉक्टर आपल्या ओळखीच्या एमआरला सांगतायत, ओटीचा ब्रदर तिसऱ्याच मेडिकलवर गेलाय, आणि तिघं मिळून एकाच स्टॉकिस्टच्या त्याच वीस व्हायल मागतायत. स्टॉकिस्टला वाटतं बापरे डिमांड किती, आणि तो माल धरून बसतो. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा की बाहेर फोन फक्त एकच माणूस करेल. बाकीच्यांना काही कळलं तर त्यांनी त्याला सांगायचं.

तीन-चार जणांची छोटी टीम पुरते. एक फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञ, नर्सिंगच्या मेट्रन, फार्मासिस्ट, आणि पैशाची सही करणारा कोणीतरी. लांब मीटिंगा नको, सकाळी राऊंडच्या आधी दहा मिनिटं. औषधं तीन रंगांत टाका: लाल म्हणजे दोन-तीन पेशंट किंवा तीन दिवसांच्या खाली, पिवळं म्हणजे आठवड्याभराचं, हिरवं म्हणजे ठीक. पण रंग लावताना फक्त साठा बघू नका, ते नसलं तर काय होतं हेही बघा. व्हाइटल (नसलं तर जीव जाईल), इसेन्शियल (गरजेचं), डिझायरेबल (असलं तर बरं) हे वर्गीकरण कॉलेजात सगळे शिकतात आणि परीक्षेनंतर विसरतात, पण इथं तेच कामाला येतं. मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन संपलं तर संपू द्या, कोणी मरत नाही. अॅड्रेनॅलिन, नॉरअॅड्रेनॅलिन, ऑक्सिटोसिन, मॅग्नेशियम सल्फेट, यांचं तसं नाही.

रोज ठरलेल्या वेळी हॉस्पिटलच्या ग्रुपवर एकच मेसेज जाऊ द्या, त्यात लाल यादी, त्याला पर्याय काय, आणि कोणाला विचारून द्यायचं एवढंच. आणि नाइट ड्यूटीचे आरएमओ व सिस्टर त्या ग्रुपमध्ये आहेत का ते तपासा. गोंधळ रात्रीच होतो.

आहे ते जपून वापरणं

लाल यादीतला माल वॉर्डातून परत स्टोअरला घ्या, पण इमर्जन्सी ट्रॉलीला हात लावू नका, ती भरलेलीच राहिली पाहिजे. वॉर्डाचा इंडेंट, म्हणजे स्टोअरकडची मागणी, आठवड्याची असेल तर रोजचा करा, आणि लाल औषध पेशंटच्या नावानंच द्या.

मग डॉक्टरांसोबत बसून बघा की कुठं कुठं इंजेक्शनऐवजी गोळी चालते. मेट्रोनिडाझोल, लेव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, फ्लुकोनाझोल, ही तोंडानं दिली तरी चांगली शोषली जातात, पेशंट गिळू शकत असेल आणि उलटी नसेल तर बाटली कशाला? पॅरासिटामॉलची बाटली तर आपल्याकडे सवय म्हणून लागते. पेशंटला वाटतं सलाईन लागली म्हणजे दवाखान्यात आल्याचं सार्थक झालं, नातेवाईकही तेच म्हणतात, म्हणून हे बदलायला डॉक्टरांनी स्वतः दोन शब्द बोलावे लागतात, फार्मासिस्टच्या सांगण्यानं होत नाही.

रेबीजच्या लसीत तर मोठा फरक पडतो. दंडात स्नायूमध्ये द्यायची पद्धत म्हणजे ०, ३, ७, १४, २८ या दिवशी मिळून पाच व्हायल एका पेशंटला. कातडीतली पद्धत ०, ३, ७, २८ या दिवशी, दर वेळी दोन जागी ०.१ मिली, म्हणजे सगळा कोर्स ०.८ मिलीत. पण त्यात अट अशी की सिस्टरांचा हात त्यावर बसलेला पाहिजे, लस त्या पद्धतीसाठी मान्य असलेली पाहिजे आणि उघडलेली व्हायल फ्रिजमध्ये ठेवून ६ ते ८ तासांत संपवली पाहिजे. म्हणून कुत्रा चावलेले फॉलोअपचे पेशंट शक्य तिथं एकाच वेळेला बोलवा, पहिल्या डोसवाल्याला मात्र कधीच थांबवू नका.

एएसव्हीतही तसंच. साप चावला म्हणून लगेच एएसव्ही नाही, विषाची लक्षणं दिसली किंवा वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये रक्त गोठलं नाही तर. हे डॉक्टरांना माहीत असतंच, पण बाहेर पन्नास लोक उभे असले की प्रेशर येतं. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर प्रोटोकॉलचा कागद लावलेला असला की डॉक्टरांना बोट दाखवायला जागा मिळते.

पर्यायी औषध आलं की खरी भीती

माझ्या मते शॉर्टेजमध्ये औषध न मिळाल्यानं जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त भीती वेगळ्या ताकदीचं औषध त्याच हातानं, त्याच सवयीनं दिलं जाण्याची आहे. म्हणून इथं जरा थांबा.

इन्सुलिन घ्या. आपल्याकडे व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलीच्या आणि पेनची कार्ट्रिज १०० ची. व्हायल मिळाली नाही म्हणून कोणी कार्ट्रिजमधून ४० च्या सिरिंजनं ओढलं तर पेशंटला अडीचपट इन्सुलिन जातं. त्यामुळं १०० चं इन्सुलिन स्टोअरमध्ये आलं की सोबत १०० च्या सिरिंज द्या आणि ४० च्या सिरिंज त्या वॉर्डातून उचला, दोन्ही एकत्र ठेवूच नका.

रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची ५ मिलीची व्हायल १००० युनिट प्रति मिलीचीही येते आणि ५००० चीही. एका व्हायलमध्ये ५,००० आणि दुसरीत २५,००० युनिट, आणि बाहेरून दिसायला भावंडंच. बुरशीवरच्या अॅम्फोटेरिसिनचंही तेच, साधं आणि लायपोसोमल या दोन प्रकारांचा डोस एक नाही, साधं साधारण १ मिलीग्रॅम प्रति किलोच्या आसपास आणि लायपोसोमल ५ पर्यंत जातं, त्यामुळं लायपोसोमलचा डोस साध्याच्या व्हायलमधून गेला तर जिवावर बेततं. २०२१ मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी जे मिळेल ते आणत होते तेव्हा ही धास्ती सगळ्यांनाच होती.

फिट्सची औषधं आणि थायरॉइडची गोळी यांचा ब्रँड बदलतानाही डॉक्टरांना सांगूनच बदला, आणि पेशंटच्या फाइलवर लिहा.

करायचं काय तर, पर्यायी माल रॅकवर चढायच्या आधी त्याच्यावर मोठ्या अक्षरात मराठीत स्टिकर लावा, "ताकद वेगळी आहे, डोस तपासा". एका पानावर जुनं काय, नवीन काय, किती मिली म्हणजे किती, हे लिहून डॉक्टरांची सही घ्या आणि ते पान वॉर्डात लावा. पहिले काही डोस दोन सिस्टरांनी मिळून तपासा. आणि कॉम्प्युटरमध्ये आयटमचं नाव बदला, जुन्या नावाखाली नवीन माल टाकायचा शॉर्टकट बिलकुल नको.

आता बाहेर शोधा

आता गाडी काढायला हरकत नाही, पण गाडीच्या आधी फोन. जळगाव, भुसावळ, धुळे इथले स्टॉकिस्ट झाले की नाशिक आणि संभाजीनगर, मग सी अँड एफ, मग कंपनीचा हॉस्पिटल डिव्हिजनवाला. आपला भाग तीन राज्यांच्या कोपऱ्यात आहे याचा फायदा घ्या, नवापूर-नंदुरबारवाल्यांना सुरत जवळ, रावेरवाल्यांना बऱ्हाणपूर, शिरपूरवाल्यांना इंदूर. परराज्यातून घ्यायला हरकत नाही, पण होलसेल लायसन्सवाल्याकडून, पक्क्या बिलावर, बॅच नंबरसकट. जनऔषधी केंद्रात पण विचारा, साध्या गोळ्या-इंजेक्शनं तिथं कधीकधी पडून असतात आणि कोणाच्या डोक्यातच येत नाही.

ऑर्डर देताना एकाच ठिकाणी सगळी देऊ नका आणि घाबरून चौपटही देऊ नका. चार जागी चौपट ऑर्डर दिली आणि चारही आल्या तर सहा महिन्यांनी एक्सपायरीचा डोंगर, शिवाय तेवढा माल शेजारच्या तालुक्याला मिळाला नाही तो वेगळाच. स्टॉकिस्टला स्वच्छ सांगा, "रोजचे इतके लागतात, आठवड्याचे द्या, पुढच्या सोमवारी परत फोन करतो." असं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तो माल राखून ठेवतो.

सरकारी दवाखान्यात असाल तर रस्ता वेगळा. ई-औषधी या सरकारी ऑनलाइन सिस्टीमवर मागणी टाका, जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या संस्थेकडे जादा आहे का ते त्याच सिस्टीमवर बघून ट्रान्सफर मागा, आणि जिल्हा स्टोअरला लेखी कळवा. खरेदी आधी हाफकिन महामंडळामार्फत व्हायची, २०२३ च्या कायद्यानं महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं, पण तुमच्या टेबलावरून बघितलं तर गोष्ट तीच, मागणी लेखी आणि तारखेसकट नसेल तर लोकल परचेसच्या फाइलला आधार राहत नाही. "उपलब्ध नाही" असा शेरा किंवा मेल मिळवून फाइलला लावा.

स्टॉकिस्टकडं माल असून देत नसेल, छापील किमतीच्या वर मागत असेल, तर एफडीएच्या (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या) औषध निरीक्षकांना कळवा. औषध बाजारातच नसेल तर एनपीपीएच्या फार्मा जन समाधान पोर्टलवर तक्रार टाका, २०१५ पासून ते चालू आहे.

आणि खोटा माल. शॉर्टेज म्हणजे बनावटवाल्यांचा सीझन. २०२१ मध्ये गुजरातेत ग्लुकोज आणि मीठ भरून बनवलेली रेमडेसिविर पकडली होती, आणि लोकांनी ती हजारो रुपये मोजून घेतलेली. म्हणून बिल नाही तर माल नाही, कोणी कितीही मोठा माणूस असू दे. पॅकिंगवरचा बॅच नंबर आणि व्हायलवरचा जुळतो का, स्पेलिंग, सील, छपाई बघा. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, त्या यादीतलं असेल तर मोबाइलनं स्कॅन करा. व्हॉट्सअॅपवर "माल अव्हेलेबल, अर्धं पेमेंट अॅडव्हान्स" असं आलं की ब्लॉक.

शेजारच्या दवाखान्याशी उसनवारी

पाहुण्यांसाठी शेजारून वाटीभर साखर आणतात तसं हे चालतं आणि आपल्या भागात ते वर्षानुवर्षं चाललंय, पण तोंडी. तोंडी उसनवारीत सहा महिन्यांनी भांडण ठरलेलं. आधीच चार-सहा दवाखान्यांचे फार्मासिस्ट एकत्र येऊन साधे नियम ठरवा: कोण मागू शकतो, किती दिवसांत परत, त्याच मॉलिक्यूलची त्याच ताकदीची परत, आणि परत देताना एक्सपायरी किमान सहा महिने पुढची. देणाऱ्यानं शॉर्ट एक्सपायरी माल उसना द्यायचा आणि ताजा परत मागायचा, हा चावटपणा चालणार नाही असं पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून टाका.

कागद मात्र पक्का. ज्या दवाखान्याच्या मेडिकलला लायसन्स आहे त्याच्या नावानं चलन किंवा बिल, बॅच, एक्सपायरी, दोन्हीकडच्या सह्या. तुमच्या निरीक्षकांना एकदा विचारून घ्या की त्यांना कुठल्या स्वरूपात चालेल, नंतर तपासणीत वाद नको. मॉर्फिन, फेन्टानिलसारखी नार्कोटिक औषधं या उसनवारीत आणूच नका, त्यांचा कायदा वेगळा, रजिस्टर वेगळं, खिशात घालून नेलेली दोन अँप्यूल माणसाला जेलात घालू शकतात. त्यांची ऑर्डर नेहमीपेक्षा दुप्पट दिवस आधी लावा.

वाहतुकीचं सांगतो, कारण इथं खान्देशचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. एसटी पार्सलनं किंवा ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत आलेला बॉक्स आतून किती तापलेला असेल विचार करा. ऑक्सिटोसिन, इन्सुलिन, लसी, लिक्विड एएसव्ही, हे सगळं २ ते ८ डिग्रीवालं. ते आणायला आपला माणूस व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन जाऊ द्या, शक्यतो पहाटे किंवा रात्री. आइस पॅक फ्रीजरमधून काढून लगेच लावू नका, थोडे घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवा, नाहीतर इन्सुलिन आणि लस गोठून वाया जाते, आणि गोठून परत पातळ झालेली इन्सुलिनची व्हायल बघून कळेलच असं नाही. पावडरवालं एएसव्ही फ्रिजशिवाय थंड जागी टिकतं, म्हणून धडगाव-अक्कलकुव्यासारख्या ठिकाणी, जिथं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेच मागा. पण थंड जागा म्हणजे खरंच थंड, पत्र्याच्या खोलीतलं कपाट नव्हे.

कोणाला द्यायचं

सगळ्यात नाजूक. दोनच पेशंटपुरतं औषध आणि तिघं आलेत, तेव्हा निर्णय ड्यूटीवरच्या एकट्या डॉक्टरवर सोडणं अन्याय आहे. टीमनं आधीच लिहून ठेवावं, ज्याला सगळ्यात जास्त फायदा होणार आणि ज्याला दुसरा पर्याय नाही त्याला आधी, सारखेच असतील तर आधी आलेल्याला. आणि खाली एक ओळ ठळक अक्षरात, ओळख, पद आणि पैसा यांचा विचार होणार नाही. आपल्याकडे सरपंचापासून वरपर्यंत सगळ्यांचे फोन येतात, "आपला माणूस आहे, बघा जरा". फोन उचलायचा, गोड बोलायचं, आणि सांगायचं की टीम ठरवते, माझ्या एकट्याच्या हातात नाही. लेखी नियम असला की हे खरंच खरं असतं.

नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी देऊन "बाहेरून आणा" हे टाळा. तो बिचारा रात्री सगळ्या गावची मेडिकलं फिरतो, दुप्पट पैसे देतो, कधी चुकीच्या ताकदीचं आणतो, आणि महात्मा फुले योजनेतला पेशंट असेल तर ते कॅशलेस आहे, त्याच्याकडून असं आणवताच येत नाही. मिळत नसेल तर डॉक्टरांनी नातेवाइकांना बसवून स्पष्ट सांगावं की हे औषध सध्या नाही, त्याऐवजी हे देतोय, किंवा पुढं पाठवतोय. आणि पाठवायच्या आधी धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या मेडिकल कॉलेजला फोन करून औषध आहे का विचारा, मगच १०८ बोलवा. दीड-दोन तास रस्त्यात घालवून तिथंही नाही निघालं तर काय उपयोग.

रोजच्या गोळ्यांचे पेशंट विसरू नका

धावपळ इंजेक्शनांची असते, आणि महिन्याला गोळ्या न्यायला येणारा माणूस रिकाम्या हातानं परत जातो. त्याचा आवाज नसतो. नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे पेशंट हायड्रॉक्सियुरियावर असतात, फिट्सचे असतात, टीबीचे असतात. ही औषधं मध्येच तुटली की त्रास परत उफाळतो, फिट्सच्या गोळ्या, स्टेरॉइड, प्रोप्रानोलॉल किंवा क्लोनिडिन तर एकदम बंद करणंच धोक्याचं. टंचाईत एकाला तीन महिन्यांचं देण्यापेक्षा तिघांना एकेक महिन्याचं द्या. अपवाद एकच, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला किंवा मजुरीला जाणारी कुटुंबं. त्यांना दर महिन्याला या म्हणणं म्हणजे औषध बंद करा म्हणण्यासारखंच आहे, त्यांना जाण्याआधी जास्त द्या आणि चिठ्ठीवर मॉलिक्यूलचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, तिकडच्या दवाखान्यात दाखवता येईल असं. या पेशंटांचे मोबाइल नंबर स्टोअरच्या वहीत ठेवा, आशाताईंना यादी द्या, म्हणजे माल नसताना उगाच चाळीस किलोमीटर यायला नको.

माल आला की

माल आला म्हणून ग्रुपवर लगेच "आला आला" टाकू नका, आधी मोजा, बॅच तपासा, थंड औषध असेल तर येताना थंड होतं का बघा. पहिला हिस्सा इमर्जन्सी ट्रॉल्यांना, दुसरा उसनवारी फेडायला, उरलेला वॉर्डांना, तोही हळूहळू, दोन आठवडे रोजचाच इंडेंट ठेवून. एक गाडी आली म्हणजे पुढची येईलच असं नसतं.

वेगळ्या ताकदीचा पर्यायी माल उरला असेल तर तो वॉर्डातून पूर्ण उचला, एकही नग मागं राहू देऊ नका, भिंतीवरची जुनी पानं काढा, कॉम्प्युटरमधला आयटम बंद करा. स्टॉकिस्टला परत देता येतो का विचारा, नाही तर ज्या दवाखान्यात त्याच ताकदीचं चालतं त्यांना चलनावर देऊन टाका. शेवटी वॉच लिस्टवर या औषधाचा किमान साठा नव्यानं लिहा, या वेळच्या सीझनचा आकडा धरून, आणि सही करणाऱ्याची सही त्याच आठवड्यात घ्या, कारण महिनाभरानं तो म्हणणार की एवढा माल कशाला भरून ठेवायचा.